वेंगुर्ल्यात जन्मलेला अमेरिकी राजदूत

रायपूरच्या पुरानी बस्तीत वाढलेल्या माझ्या पिढीला ‘अमेरिकन’ म्हणजे मिशनरी हेच ठाऊक होते. राजदूत वगैरे पुढे वर्तमानपत्रांतून कळले. 1868 मध्ये ऑस्कर लोर यांनी रायपूर जिल्ह्यात बिश्रामपूरचे मिशन स्थापन केले, तेव्हापासून शाळा, दवाखाना आणि संशय या तिन्ही गोष्टी आमच्याकडे एकत्रच नांदत आल्या. 1954 मध्ये रायपूरचेच रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिच्या 1956 च्या अहवालावर आमच्या गल्लीतील वडीलधारी मंडळी पुढे कितीतरी वर्षे वाद घालीत असत.

म्हणूनच 1977 मध्ये जिमी कार्टर यांनी एका मिशनरी डॉक्टरच्या मुलाला दिल्लीला राजदूत म्हणून पाठविले, ही घटना मला इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आजही विचार करण्याजोगी वाटते. रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन यांचा जन्म 15 ऑगस्ट 1919 रोजी वेंगुर्ल्यात झाला. (ज्या दिवशी भारत स्वतंत्र झाला, त्या दिवशी त्यांनी अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण केले.) वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथील मिशनच्या इस्पितळात त्यांचे वडील काम करीत. कोडाईकनालच्या शाळेत शिकून मुलगा पंधराव्या वर्षी अमेरिकेस गेला.

पुढचा प्रवास राजनयाचा नव्हता. प्रिन्स्टनमध्ये ग्रीक-लॅटिनचा अभ्यास, महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर लष्करी सेवा, सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’वर ग्रंथ, आणि 1957 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद. तेव्हा ते पूर्ण प्राध्यापकही नव्हते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1969 मध्ये, त्या विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमाचे दरवाजे मुलींना उघडले.

आपल्या प्रशासनात अधिकाऱ्याला सहसा गृहजिल्ह्यात नेमीत नाहीत. ओळखी आड येतात, निर्णयात ओलावा शिरतो, अशी त्यामागची भीती असते आणि ती खोटी नाही. मी ती स्वतः अनुभवली आहे. परराष्ट्र सेवांमध्येही यजमान देशाच्या प्रेमात पडलेला दूत हा टिंगलीचा विषय असतो. अमेरिकेने मात्र गोहीन यांना जणू गृहजिल्ह्यातच पाठविले, आणि तेही नेमके अशा वेळी, की दोन्ही देशांमधील सर्वांत अवघड प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवरच उभा होता.

तो प्रश्न म्हणजे तारापूर. 1963 च्या करारानुसार तेथील अणुभट्ट्यांना तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरविण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. त्या मोबदल्यात भारताने हे इंधन दुसरीकडून घ्यायचे नव्हते. 1974 च्या पोखरण चाचणीने वातावरण बदलले. मार्च 1978 मध्ये अमेरिकन काँग्रेसने अण्वस्त्र प्रसारबंदीचा कायदा केला : ज्याला इंधन हवे, त्याने आपल्या सर्व अणुप्रकल्पांची आंतरराष्ट्रीय तपासणी स्वीकारावी. तारापूरची तपासणी तर होतच होती. इतर प्रकल्प खुले करण्यास मोरारजी देसाई तयार नव्हते आणि नंतर इंदिरा गांधीही झाल्या नाहीत. तुमचा देशांतर्गत कायदा तुम्ही दिलेल्या शब्दावर मात कशी करू शकतो, हा भारताचा सवाल होता. माझ्या मते तो कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. पण बिनतोड युक्तिवादावर भट्टी चालत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत कार्टर दिल्लीत आले असता, देसाईंना कोरड्या, रोखठोक भाषेत पत्र लिहावे लागेल, हे त्यांचे परराष्ट्रमंत्र्यांशी चाललेले खासगी बोलणे ध्वनिक्षेपकाने टिपले. दूतावासाला हे निस्तरताना काय यातना झाल्या असतील, याची कल्पना कोणत्याही शिष्टाचार अधिकाऱ्याला करता येईल. गोहीन यांनी संबंध तुटू दिले नाहीत. इंधन देण्याच्या बाजूनेच ते वॉशिंग्टनशी बोलत राहिले. मे 1980 मध्ये अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाने 38 टन इंधनाची परवानगी एकमताने नाकारली. जूनमध्ये कार्टर यांनी आपल्या अधिकारात ती दिली. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी ती फेटाळली, मात्र सिनेटमध्ये विरोधकांचा ठराव 46 विरुद्ध 48 असा पडला. एवढ्या दोन मतांवर तारापूरचे इंधन आले. अर्थात, त्या दोन मतांचे सारे श्रेय दूतावासाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या होत्या आणि भारत आणखी दुरावू नये, ही चिंता व्हाइट हाउसला होती.

गोहीन 1980 च्या अखेरीस दिल्लीहून गेले. 1982 मध्ये रेगन आणि इंदिरा गांधी यांच्यात तोडगा ठरला व फ्रान्स तारापूरला इंधन देऊ लागला. म्हणजे करार कागदावर राहिला, अमेरिकेची जबाबदारी मात्र दुसऱ्याने उचलली. भारताचे जन्मापासूनचे ज्ञान असलेल्या दूतालाही आपल्या देशाच्या कायद्यावरचा मार्ग सापडला नाही; त्याने वेळ मिळवून दिला, आणि त्या वर्षांत वेळ हीच मोठी गोष्ट होती.

31 मार्च 2008 रोजी प्रिन्स्टनमध्ये गोहीन यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या झाल्या. लष्करी प्रकल्प तपासणीबाहेर ठेवून नागरी अणुभट्ट्यांना इंधन देण्याची तरतूद त्यात होती, आणि त्यासाठी अमेरिकन काँग्रेसने 2006 मध्ये आधीच आपल्या कायद्यात भारतापुरता अपवाद करून ठेवला होता.