पाणबुड्याच्या आधी यंत्र

आजचा भाग पाण्याखाली जाणाऱ्या छोट्या रोबोंचा. या धंद्यातली माणसं त्याला 'आरओव्ही' म्हणतात. चालवणारा वर होडीत किंवा धक्क्यावर बसलेला असतो, हातात व्हिडिओ गेमसारखा कंट्रोलर आणि समोर स्क्रीन. यंत्र खाली, बुडालेल्या जहाजापाशी किंवा जेटीच्या खांबापाशी.

बघणाऱ्याला हे कॅमेरा लावलेलं खेळणं वाटतं. म्हणून आधी एक हिशेब करू.

पाण्यात दर १० मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो भार वाढतो. समजा धरणाचा दरवाजा आहे. एका बाजूला २० मीटर पाणी, दुसरी बाजू कोरडी, आणि तळाशी फूटभर लांब-रुंद भोक राहिलंय. ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर, प्रत्येकावर दोन किलो. झाले १८०० किलो! पाणबुडा त्या भोकावर चिकटला तर वरच्या चार माणसांनी दोर ओढून तो सुटत नाही. आणि वाईट म्हणजे थोडं लांब असेपर्यंत त्याला ओढ जाणवतच नाही. पाणबुडे याला 'डेल्टा पी' म्हणतात, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक.

ही पुस्तकी भीती नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिनिदादला समुद्राखालच्या तेलवाहिनीचं काम करताना पाच पाणबुडे याच फरकामुळे ३० इंची पाइपात ओढले गेले. एक जण बाहेर येऊ शकला, चौघे गेले. तिथलं काम रोबोने केलं असतं असं मी म्हणत नाही. ते हातांचंच काम होतं. पण दरवाजा नीट बसलाय का, गळती कुठून आहे, जाळीत काय अडकलंय, एवढंच बघायला माणूस खाली सोडायचा असेल तर मात्र मला ते पटत नाही. यंत्र ओढलं गेलं तर काही लाखांचं नुकसान. हळहळ वाटेल, पण कुणाच्या घरी फोन करावा लागत नाही.

आता यंत्र कसं असतं? 'ब्लूआरओव्ही २' घ्या, या वर्गातलं खूप वापरलं जाणारं. वजन दहा-बारा किलो, सहा पंखे, दिवे, कॅमेरा. साधं मॉडेल १०० मीटरपर्यंत जातं. मागे एक लांब वायर, तिला टेदर म्हणतात. वायर कशाला, वायफाय का नाही? कारण खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी काही अंतरातच विरून जातात. चित्र वर येतं आणि हुकूम खाली जातो तो याच वायरीतून. आणि घात करते तीही हीच. खांबाला गुंडाळते, तुटक्या रेलिंगमध्ये अडकते, प्रवाहात पतंगाच्या मांज्यासारखी फुगते. म्हणून चांगल्या टीममध्ये एक माणूस फक्त वायर सांभाळायला असतो.

एक गंमत सांगतो. हे यंत्र मुद्दाम किंचित तरंगणारं ठेवतात. वीज गेली तर आपोआप वर यावं, हे एक कारण. दुसरं जास्त हुशारीचं: तरंगणाऱ्या यंत्राला खोलीवर राहायला पंख्याने स्वतःला खाली दाबावं लागतं, म्हणजे पाण्याचा झोत वर जातो. तो खाली गेला असता तर तळाचा गाळ उसळून कॅमेऱ्यापुढे नुसता चहा!

मोठ्या भावंडांची कामगिरी आपल्या आठवणीतलीच आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली. अवशेष सुमारे २००० मीटर खाली. तिथे पाणबुड्याचा प्रश्नच नव्हता. समुद्राखालच्या टेलिफोन केबल दुरुस्त करायला बनवलेलं 'स्कॅरॅब' हे यंत्र एका फ्रेंच केबल-जहाजावरून सोडलं, आणि १० व ११ जुलैला त्याने दोन्ही ब्लॅक बॉक्स वर आणले.

पण सगळं यंत्रावर सोपवता येतं असं समजू नका. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कलंडलेलं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' सप्टेंबर २०१३ मध्ये १९ तास खपून सरळ केलं. जहाज हलत असताना पाण्यात माणूस ठेवणं शक्य नव्हतं. खालचं चित्र कॅमेरे आणि आरओव्ही दाखवत होते. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापणं-जोडणं मात्र शेकडो माणसांनी केलं, आणि १ फेब्रुवारी २०१४ ला पाण्याखाली पत्रा पायाला लागून एक स्पॅनिश पाणबुडा दगावला. छोट्या यंत्राचा चिमटा दोरी पकडेल, हुक लावेल. वेल्डिंग करून मोठी प्लेट बसवणार नाही.

आपल्याकडे अडचण वेगळी, गढूळ पाण्याची. मुंबई बंदरात कॅमेऱ्याला हातभर पुढचंही धड दिसत नाही. तिथे सोनार लागतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो चित्र काढतो. चित्र भुरकट असतं, ते वाचायला सराव लागतो. शिवाय पाण्याखाली जीपीएस चालत नाही. तडा दिसला, पण कितव्या खांबाला, किती खोलीवर, कोणत्या बाजूला? हे नोंदवलं नसेल तर दोन तासांच्या व्हिडिओला फारसा अर्थ नाही, कारण दुरुस्तीला उतरणाऱ्या पाणबुड्याला तो तडा पुन्हा अंधारात चाचपडतच शोधावा लागतो.

म्हणून तुमच्या संस्थेची जेटी किंवा बंधारा कुणी तपासून देणार असेल, तर व्हिडिओआधी तीन गोष्टी मागा: खांबांच्या क्रमांकाचा नकाशा, प्रत्येक दोषाची खोली, आणि लोखंड असेल तर अल्ट्रासोनिक प्रोबने मोजलेली जाडी. ती मोजायला आधी शिंपले-शेवाळ खरवडावं लागतं. ते कोण करणार, हेही त्याच वेळी विचारून घ्या.