ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची ध्वनिमुद्रण कारकीर्द : नावानिशी आणि निनावी

प्रस्तावना

एखाद्या वादकाची ध्वनिमुद्रण कारकीर्द अभ्यासावयाची म्हणजे प्रथम त्याच्या तबकड्यांची यादी करावयाची, असा पाश्चात्त्य जॅझ-अभ्यासकांचा शिरस्ता आहे. लुई आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत ही पद्धत उत्तम चालते. १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदात केलेल्या मुद्रणांपासून पुढे गाव, सहवादक आणि मुद्रण-क्रमांक यांची तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. हीच फूटपट्टी ज्यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हटले गेले त्या चिक चॉकलेट यांना लावली, तर हाती फार थोडे लागते. ते थोडे का लागते आणि उरलेले कोठे शोधावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबईतील जॅझ आणि तबकडी

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातील बार्देश तालुक्यातील हळदोणे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकविले जाई. कागदावरील पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी वाजविण्याची ही विद्या गोमंतकीय वादकांची खरी पुंजी होती. पुढे मुंबईत हॉटेले, मूकपटांची चित्रपटगृहे आणि अखेर बोलपटांचे स्टुडिओ त्यांना खुले झाले ते या विद्येच्या बळावर.

मुंबईत जॅझची पक्की ओळख झाली ती तिसाव्या दशकाच्या मध्यावर. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले (नावाचा आपल्या खेळाशी काही संबंध नाही). या गृहस्थांनी १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदात व्हिक्टर कंपनीसाठी मुद्रण केले होते, म्हणजे जॅझच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्यांच्याही आधी. १९३६ साली त्यांनी मुंबईत आपल्या 'सिम्फोनियन्स'सह 'ताजमहाल' नावाचा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. या पिढीतील अमेरिकन वादकांच्या सहवासात आणि आयात तबकड्या ऐकून गोमंतकीय तरुण तयार झाले. चिक यांनी तर आर्मस्ट्राँग यांचा घोगरा आवाज आणि हातातील रुमालही उचलला.

चाळीसच्या दशकात 'म्युझिक मेकर्स' हा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजवू लागला आणि त्या नावाने काही तबकड्याही निघाल्या. परंतु इंग्रजी नृत्यसंगीताच्या तबकडीचा ग्राहक कोण होता? क्लब, हॉटेले, छावण्या आणि शहरांतील मूठभर घरे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची असे. हॉटेलात रात्रभर रंगणारे वादन तीत मावणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरे सैनिक आणि अधिकारी मायदेशी परतले, तशी ही बाजारपेठही ओसरली. नावानिशी झालेल्या मुद्रणांची कथा येथे जवळजवळ संपते.

'सहायक' या शब्दाचा अर्थ

निनावी मुद्रणांची कथा याच सुमारास सुरू होते आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे चिक यांचे जवळजवळ समवयस्क. १९४७ च्या 'शहनाई'तील 'आना मेरी जान' या गाण्याने त्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य ढंग रूढ केला. त्यांचे सहायक म्हणून चिक चॉकलेट यांनी दीर्घकाळ काम केले.

'सहायक' हा शब्द वाचून हाताखाली किरकोळ कामे करणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कामाची विभागणी निराळी होती. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी. ती चाल स्वरलिपीत उतरवून घेणे, गाण्याच्या आरंभीचे आणि अंतऱ्यांमधील संगीत रचण्यास साहाय्य करणे, कोणत्या ओळीमागे सॅक्सोफोन आणि कोणत्या जागी ट्रम्पेट हे ठरविणे, प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद लिहिणे आणि तालीम घेणे, ही कामे बहुधा गोमंतकीय सहायकाकडे किंवा संयोजकाकडे असत. आपल्या परंपरेत चाल हेच गाणे मानले जाते. त्यामुळे चालीभोवतीची ही सारी बांधणी 'साहाय्य' ठरली. पाश्चात्त्य रंगभूमीवर तिला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र श्रेय असते.

भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) हे याचे ठळक उदाहरण होय. 'शोला जो भडके' या गाण्यात बाँगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांची जी गुंफण आहे, ती हॉटेलातील नृत्यवृंदातून आलेली आहे हे कानाला सहज कळते. आमच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात वरातीपुढील बँडवाले भगवानदादांच्या नाचाची ही गाणी वाजवितात, तेव्हा एका अर्थाने ते ट्रम्पेटचेच ट्रम्पेटला परत करीत असतात. याच चित्रपटातील 'दीवाना परवाना' या गाण्यात चिक आणि त्यांचे सहकारी झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावर दिसतात. तबकडीने जे नाव गाळले तो चेहरा असा चित्रफितीवर टिकला आहे.

त्याच वर्षीच्या 'नादान' या चित्रपटास चिक यांनी संगीतकार म्हणून स्वतंत्रपणे संगीत दिले. तलत महमूद यांचे 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे त्यातील गाणे. विशेष हे की, हे गाणे मुळीच जॅझ नाही. ते शांत, हळुवार आहे. केवळ 'नकलाकार' अशी त्यांची संभावना करणाऱ्यांनी ते अवश्य ऐकावे.

लेबलवर काय असे?

चित्रपटगीतांच्या तबकडीवरील छापील मजकूर हा इतिहासाचा पुरावा म्हणून फारच अपुरा आहे. १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर आरंभी लता मंगेशकरांचेही नाव नव्हते. तेथे पात्राचे, 'कामिनी' असे नाव होते. जेथे गायिकेची ही स्थिती, तेथे वादकाची काय कथा? वादकास मुद्रणाच्या पाळीप्रमाणे रोख मोबदला मिळे आणि तेथे त्याचा त्या ध्वनीशी संबंध संपे. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात वादकाचा हक्क असा नव्हताच. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. चिक चॉकलेट १९६७ साली निवर्तले होते.

नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथाने आणि त्याआधी ग्रेगरी बूथ यांच्या चित्रपट-वादकांवरील ग्रंथाने (२००८) ही उणीव बरीच भरून काढली. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठीत सी. रामचंद्रांच्या चालींवर भरपूर लिहिले जाते, त्यांच्या वाद्यमेळावर मात्र क्वचितच. आपल्या परिसरातील अनेक घरांच्या माळ्यांवर अद्याप ७८ च्या तबकड्या आहेत. त्यांच्या लेबलालगतच्या गुळगुळीत कड्यावर मुद्रणाचा क्रमांक कोरलेला असतो. तो उतरवून घ्यावा, गाणे ऐकून त्यातील वाद्ये ओळखावीत आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील सहायकाचे नाव त्यापुढे लिहावे. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एका सत्रात हे काम सहज होण्याजोगे आहे.