टायर रुंद, रिम अरुंद

अंबरपेठेत मुसीकाठच्या गवताचे भारे आणि दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या काळ्या सायकली आता थोड्याच उरल्या. मुलांच्या हाती बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकली आल्या आहेत, बहुधा वापरलेल्या. गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा वळणावर पडून खांद्याजवळचे हाड मोडून बसला. रस्ता खराब म्हणून त्याने जाड टायर चढवले होते. रिम मात्र जुनीच, अरुंद.

अरुंद रिमवर रुंद टायर वर फुगतो आणि बुडाशी आवळला जातो. हवा थोडी कमी असली की वळताना तो कडेला लवतो. उलट, रुंद रिमवर बारीक टायर बसवला तर त्याच्या बाजू ताणल्या जातात, रिमच्या कडा उघड्या पडतात. खड्डा लागला की ट्यूब चिमटते, कधी टायरच निसटतो. 2024 च्या फेब्रुवारीत यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डी जेन्ड्ट टायर सुटून पडला. टायर 28 मिलिमीटरचा, रिम आतून 25 ची. नेमक्या कारणावर वाद झाला, पण जोडी काठावरचीच होती.

टायर काढून रिमच्या आतली रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजावी. मुलांच्या दप्तरातील पट्टीही चालेल. जुना ठोकताळा असा की टायर त्या रुंदीच्या सुमारे दीडपट ते दुप्पट असावा. आत 17 मिलिमीटर भरले तर 25 ते 34 चा टायर ठीक. त्या मुलाची रिम आतून 13 ची होती आणि टायर 32 चा!

टायरच्या बाजूवर 28-622 असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. बैलगाडीची धाव तापवून बसवता येते, रबराला तो उपाय नाही. आपल्या काळ्या सायकलीचा 28 इंची टायर 635 चा असतो आणि शर्यतीच्या सायकलीचा 622 चा, तरी दुकानात दोघांनाही अठ्ठावीसच म्हणतात. म्हणून इंच सांगू नका, जुना टायरच दाखवा.

नवा टायर बसवल्यावर हवा भरून चाक फिरवून पाहावे. ब्रेकला किंवा चिमट्याला घासत असेल तर तो तिथेच परत करावा.