इंजिन हँडलला दाद देत नाही? आधी हे पाहा

गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर साधारण २१व्या दिवशी द्यावं लागतं. ते चुकलं तर फुटवे कमी येतात. नोव्हेंबरच्या मध्यात पेरलं, तर हा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. केळझर, हिंगणी, सेलू या आपल्या पट्ट्यात तेव्हा पहाटे गारठा असतो. आणि नेमकं तेव्हाच जुनं डिझेल इंजिन हँडल मारून हात भरून आले तरी सुरू होत नाही. कोणी म्हणतं, "आता पूर्ण खोलावं लागेल." गटाच्या बचतीतले पैसे त्यात घालण्याआधी अर्धा तास आपणच तपासू या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तळाशी गरम लागतो ना? तसंच इथे घडतं. पिस्टन हवेला दाबून तिची जागा साधारण सोळाव्या हिश्श्यावर आणतो. हवा ५०० अंशांच्या वर तापते, नोझलमधून डिझेलचा फवारा पडतो आणि पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ साली हेच तत्त्व चालवून दाखवलं. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात: स्वच्छ डिझेल, पक्का दाब आणि हँडलचा वेग.

आधी बिनखर्चाचं पाहा. टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? काल इंजिन बंद करताना ओढलेला लिव्हर परत चालूच्या जागी आणला का?

मग डोक्यावरचा दाब सोडायचा लिव्हर उचला, हँडल फिरवा आणि कान द्या. नोझलमधून 'कर्र, कर्र' असा आवाज आला, तर डिझेल पोचतंय. आवाज नाही आणि धुराड्यातून धूरही नाही, तर बहुधा नळीत हवा शिरली आहे. टाकी पूर्ण रिकामी झाली की असं होतं. पंप मग डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू थोडा ढिला करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. तसंच पंपाजवळ करा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट ढिला करून हँडल फिरवा आणि डिझेल आलं की आवळा. डिझेलमध्ये पाणी असेल तर ते टाकीच्या तळाशी बसतं. तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहिलं की कळतं.

पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल आत जातंय, पेटत नाही. गारठ्यात हे नेहमीचं. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल, तर त्याच्या पाण्याच्या जागेत सोसवेल इतकं गरम पाणी भरा. उकळतं ओतू नका, गार लोखंडाला तडा जाईल. लिव्हर उचलून जोरात वेग घ्या आणि मगच लिव्हर पाडा. काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर धुळीनं भरलेला नाही ना, ते पाहा.

एवढ्यानंही जमलं नाही, तर दाब तपासा. डिझेल बंद ठेवा, लिव्हर खाली ठेवा आणि हँडल हळू फिरवा. एका जागी ते घट्ट अडायला हवं. सहज फिरत असेल तर दाब गळतोय. हवेच्या तोंडातून चहाचा एकच चमचा स्वच्छ इंजिन ऑइल आत सोडा, लिव्हर उचलून चार फेरे द्या आणि पुन्हा पाहा. आता घट्ट लागलं, तर रिंगा झिजल्या असाव्यात. फरक नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये शोधावा. हे काम मेकॅनिकचं.

काही गोष्टी मात्र पाळायच्याच. पदर खोचा, वेणी वर बांधा, बांगड्या मागे सारा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका बसला तर मनगट वाचतं. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. त्याचा जोर कातडी भेदून डिझेल आत घालतो. असं झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका, त्याचा धूर जीवघेणा असतो.

गटाचं इंजिन असेल तर शेजारी एक वही टांगा. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी साफ केला, शेवटचा बिघाड काय होता, ते लिहा. मेकॅनिकला "सुरूच होत नाही" एवढंच सांगू नका. "नोझलचा आवाज येतो, पांढरा धूर आहे, ऑइल टाकल्यावर दाब वाढला," असं सांगा. मग तो रिंगांचंच काम करेल आणि तुम्हीही रिंगांचेच पैसे द्याल.