ब्रेक लिव्हरचा शोध : मॉडेलच्या नावावर की मापावर?

समजा, उभी गाडी आडवी झाली आणि ब्रेकचा किंवा क्लचचा लिव्हर मोडला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, कंपनीचा पार्ट यायला वेळ लागेल. किंवा तुमची बोटं लहान आहेत, कंपनीचा लिव्हर लांब पडतो, म्हणून तुम्हाला ॲडजस्ट होणारा हवा आहे. मग तुम्ही मोबाईलवर गाडीचं नाव टाकता आणि पुढे 'लिव्हर' लिहिता. शेकडो लिव्हर समोर येतात, निळे, लाल, सोनेरी. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं : तुमच्या गाडीला बसेल.

पेट किंवा नेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर हा शोध नीट बघा. विषयाचं नाव टाकून पेपर शोधायला बसलं की असंच होतं. रिझल्ट भरपूर येतात, पण त्यातला आपल्या कामाचा कुठला हे ठरवायला आपल्याकडे काही निकषच नसतो. अडचण उत्तरांची नाही, प्रश्नाची आहे.

कारखाना शेजारी, पार्ट मात्र दूर

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला वाटतं, आपल्याला काय कमी आहे? बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यात पल्सर बनते, केटीएमच्या गाड्या बनतात. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा ब्रेकचा कारखाना चाकणजवळच आहे. लहान आणि मध्यम गाड्यांवर 'बायब्रे' नाव दिसतं ते ब्रेक याच कंपनीचे. भोसरी एमआयडीसीत तर गल्लोगल्ली सीएनसी मशीन चालू असतात.

पण कारखान्याच्या गेटवर जाऊन एक लिव्हर मागता येत नाही. गाडीच्या कंपनीसाठी बनलेला पार्ट तिच्याच स्पेअरच्या साखळीतून बाहेर येतो, पार्ट नंबर घेऊन. बाकी जे मिळतं, मग ते नाना पेठेतल्या दुकानात असो की ऑनलाइन, ते दुसऱ्या कोणीतरी मूळ पार्ट समोर ठेवून, मापं घेऊन बनवलेलं असतं. थोडक्यात, ती नक्कल आहे. नक्कल वाईटच असते असं नाही, पण ती तपासावी लागते.

नाव म्हणजे स्पेसिफिकेशन नव्हे

पल्सर 2001 साली आली. तेव्हापासून तेच नाव चालू आहे, पण त्या नावाखाली गाडी किती वेळा बदलली! त्यात एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि अनेक गाड्यांची ब्रेकची जुळणी त्या सुमारास बदलली. म्हणून 'पल्सर 150 चा ब्रेक लिव्हर द्या' म्हटलं की अनुभवी दुकानदार लगेच विचारतो, 'कुठल्या सालाची? एबीएस आहे का?' तो तुमचा प्रश्न नेमका करतो आहे. चांगला गाईड पहिल्या मीटिंगला हेच करतो.

लिव्हर गाडीला बसत नाही, तो होल्डरमध्ये बसतो, हे एकदा लक्षात आलं की शोधाची दिशाच बदलते. डिस्क ब्रेकचा लिव्हर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. वायरवर चालणाऱ्या क्लचचा लिव्हर वायर ओढतो. तेव्हा मोजायचं ते असं :

पिव्हटच्या भोकाचा व्यास. भोकापाशी लिव्हरची जाडी. भोकाच्या मध्यापासून लिव्हर पिस्टनला जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर. क्लचच्या बाबतीत भोकाच्या मध्यापासून वायरचं गोळं अडकतं त्या खाचेपर्यंतचं अंतर, आणि त्या खाचेचं माप. शेवटी ब्रेक लाइटचा किंवा क्लचचा स्विच दाबणारा लिव्हरचा उंचवटा कुठे आहे ते.

यासाठी अकरावीच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर पुरतो. मोडलेल्या लिव्हरचे दोन्ही तुकडे जपून ठेवा. बोटांकडचा भाग मोडला तरी पिव्हटकडचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो आणि मापं तिथलीच हवी आहेत. तो भागही वाकला असेल तर होल्डर मोजा, कारण आता संदर्भ तोच.

दोन मिलिमीटरने काय होतं?

'थोडंफार इकडेतिकडे चालतं' असं कोणी म्हणालं तर हा हिशोब करून बघा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.

बोटांचा जोर पिव्हटपासून 120 मिमीवर पडतो आणि पिस्टन 20 मिमीवर आहे असं धरू. गुणोत्तर 6. तुम्ही 100 न्यूटनने दाबलं तर पिस्टनवर 600 न्यूटन बल जातं. आता नक्कल करणाऱ्याने ते 20 मिमीचं अंतर 22 केलं. गुणोत्तर सुमारे 5.45, बल 545 न्यूटन. त्याच दाबाला ब्रेक 9 टक्के कमी लागला. उलट अंतर 18 मिमी झालं तर बल सुमारे 667 न्यूटन, म्हणजे 11 टक्के जास्त. ब्रेक छान लागतो असं वाटेल, पण पिस्टन तितकाच ढकलायला लिव्हर 11 टक्के जास्त सरकवावा लागेल आणि तो हँडलच्या ग्रिपच्या जवळ येईल. इथे फुकट काही मिळत नाही.

तसंच मोकळेपणाचं. भोक सैल आहे आणि पिस्टनपाशी 0.2 मिमीची ढील आली, तर बोटांपाशी ती सहापट होते, 1.2 मिमी. तळेगाव चौकातल्या गर्दीत पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला की तुमच्या हाताला हे सगळं जाणवतं.

सगळ्यात धोकादायक चूक मात्र ढिलाईची नाही, घट्टपणाची आहे. मास्टर सिलिंडरमध्ये तेलाच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडं राहतं. नव्या लिव्हरचा उंचवटा जरा जास्त असेल तर तो पिस्टनला कायम किंचित दाबून ठेवतो आणि छिद्र बंद राहतं. गाडी चालते, पॅड घासतात, तेल तापून फुगतं, पण त्याला परत टाकीत जायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि ब्रेक आपोआप लागू लागतो, शेवटी चाक जामही होऊ शकतं. दुकानासमोर मारलेल्या छोट्या फेरीत हे कळणारच नाही, कारण तेल तापायला वेळ लागतो. प्रयोग किती वेळ चालवायचा हे आपल्या सोयीने ठरत नाही, आपण शोधत असलेला दोष दिसायला किती वेळ लागतो यावर ठरतं.

'एअरक्राफ्ट ग्रेड' हा दावा कसा वाचायचा

साधे लिव्हर बहुतेक ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय-कास्टिंगचे असतात. महाग लिव्हरवर '6061-टी6, सीएनसी' असं लिहिलेलं असतं. 6061 हे मिश्रधातूचं नाव आहे आणि टी6 ही त्यावरची उष्णता-प्रक्रिया. खरोखर तसा असेल तर तो सुमारे 275 मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही, आणि त्यापुढे लगेच न तुटता आधी वाकतो. डाय-कास्टिंगचा लिव्हर फारसा न वाकता तुटतो, आणि आत हवेची छिद्रं राहिली असतील तर आणखी लवकर.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, रंगावरून मिश्रधातू कळत नाही. ॲनोडायझिंग अनेक ग्रेडवर होतं. दुसरी, 'आमचा मटेरियल जास्त कडक, म्हणून लिव्हर लवत नाही' हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. ॲल्युमिनियमच्या जवळजवळ सगळ्या मिश्रधातूंचा यंग मॉड्युलस 70 गिगापास्कलच्या आसपासच असतो. दाबल्यावर लिव्हर किती लवतो हे मुख्यतः त्याच्या आकारावर आणि जाडीवर ठरतं. स्ट्रेंग्थ वेगळी, स्टिफनेस वेगळा. व्हायव्हाला हा फरक विचारतात, बाजारात मात्र कोणी विचारत नाही.

आकाराकडे बघताना टोकाचा गोळाही बघा. तो शोभेसाठी नसतो, पडल्यावर टोक अंगात घुसू नये म्हणून असतो. शर्यतींच्या एफआयएमच्या नियमात तो किमान 16 मिमी व्यासाचा लागतो. काही लिव्हरला टोकाजवळ मुद्दाम एक खाच असते. गाडी पडली तर तिथेच तुकडा पडावा आणि उरलेल्या लिव्हरवर घरी पोचता यावं, हा हेतू. आखूड 'दोन बोटी' लिव्हरमध्ये बोटं पिव्हटच्या जवळ येतात. वर 120 घेतलेलं अंतर 90 झालं तर गुणोत्तर 6 चं 4.5 होतं.

म्हणून मोजताना जोर कुठे दिला हे सांगावंच लागतं. दुचाकी ब्रेकचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 78 हाताच्या लिव्हरसाठी 200 न्यूटनची मर्यादा देतो आणि हे बल लिव्हरच्या टोकापासून 50 मिमी आत लावायचं असं सांगतो. तुमच्या थिसिसमधल्या प्रत्येक आकड्यामागे असा एक 'कुठे आणि कसं' असायला हवा.

मग करायचं काय?

आधी गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर शोधा. तोच मिळाला तर प्रश्न संपला, कारण पूर्ण गाडीची ब्रेक चाचणी झाली ती त्या लिव्हरसकट. नाहीच मिळाला तर मापं लिहून दुकानात जा आणि जुना तुकडा नव्यावर ठेवून बघा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला मापं विचारा. जो फक्त 'बसेल सर' म्हणतो, त्याच्याकडे मापं नाहीत असं धरा. पाच स्टार देणाऱ्याने बहुधा लिव्हर लावला त्या दिवशीच दिलेले असतात, हेही विसरू नका.

बसवल्यावर लिव्हर चुकीचा ठरेल अशा चाचण्या करा. पिव्हटचा नट पक्का केल्यावर लिव्हर आपणहून परत येतो का? दाबायच्या आधी थोडा मोकळा खेळ आहे का? ब्रेक लाइट लागतो आणि सोडल्यावर विझतो का? अर्धा मिनिट घट्ट दाबून धरला तर लिव्हर हळूहळू आत सरकतो का? सोडल्यावर पुढचं चाक हाताने मोकळं फिरतं का? हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर लिव्हर टाकीला लागतो का, क्लचची वायर ताणली जाते का? मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवा, ब्रेक वापरत दहा-पंधरा मिनिटं फिरा आणि चाक पुन्हा मोकळं फिरतं का ते तपासा. यातली एक जरी चाचणी फसली तर लिव्हर परत. 'वापरून वापरून सेट होईल' हे ब्रेकच्या बाबतीत ऐकायचं नाही. शंका असेल तर मेकॅनिककडून बघून घ्या.

या आठवड्यात तुमच्या सिनॉप्सिसमधला सर्वांत लाडका शब्द घ्या. 'परिणामकारकता' असेल, 'स्थिरता' असेल, 'गुणवत्ता' असेल. तो मॉडेलच्या नावासारखा वापरलाय की मापासारखा, हे तपासा. मापासारखा असेल तर तो कशाने मोजणार, कुठे मोजणार आणि किती आकडा आला तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल, हे तीन ओळींत लिहा. तीन ओळी जमल्या नाहीत तर लिटरेचर सर्च थोडा थांबवा, आधी व्हर्निअर काढा.