शिखरावरचा उंदीर

चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, आटाकामा वाळवंटाच्या कडेला युयायाको हा ज्वालामुखी आहे. उंची ६७३९ मीटर. फेब्रुवारी २०२० मध्ये जे स्टोर्झ हे जीवशास्त्रज्ञ आणि मारिओ पेरेझ ममानी हे गिर्यारोहक त्याच्या अगदी माथ्यावर होते. तिथे दगडांत पळणारा एक उंदीर स्टोर्झ यांनी चक्क हाताने पकडला! तो होता पानकान्या उंदीर. शास्त्रीय नाव फायलोटिस व्हॅकॅरम. याआधी सस्तन प्राण्यांमध्ये उंचीचा मान ६१३० मीटरवर नोंदलेल्या हिमालयातील पायकाकडे होता.

यात नवल काय, ते वर्गात खडूचे ठोकळे घेऊन दाखवता येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६००, घनफळ १०००. म्हणजे घनफळाच्या मानाने लहान घनाचा पृष्ठभाग दहापट. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून. म्हणून लहान प्राण्याला ऊब टिकवायला आपल्या आकाराच्या मानाने फार इंधन जाळावे लागते आणि ते जाळायला प्राणवायू लागतो. युयायाकोच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. थंडी जितकी जास्त, तितका प्राणवायू अधिक हवा. आणि नेमका तोच तिथे कमी. हिरव्या वनस्पती तर कितीतरी खालीच संपतात.

पण एक उंदीर सापडला म्हणजे उंदीर तिथे राहतात, असे होत नाही. तो वाट चुकून आलेला असेल. शिवाय या शिखरांवर इंका लोक देवकार्यासाठी चढत असत. युयायाकोच्या माथ्यावर १९९९ मध्ये त्यांनी बळी दिलेल्या तीन मुलांचे गोठलेले देह मिळाले होते. त्यांच्या सामानातून उंदीर वर पोचले असतील, ही शंका रास्त होती.

मला स्वतःला उंचीच्या विक्रमापेक्षा या शंकेचा पाठपुरावा जास्त आवडतो. स्टोर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालिन, पुलार आणि कोपियापो या सहा हजार मीटरहून उंच शिखरांवरून तेरा उंदरांचे सुकलेले देह गोळा केले. कोरड्या थंडीत ते कुजलेच नव्हते. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले वय पाहता सालिन आणि कोपियापोवरचे उंदीर गेल्या काही दशकांतले, तर पुलारवरचे फार तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचे निघाले. इंका साम्राज्य त्याआधीच, सोळाव्या शतकात, लयाला गेले होते. तेव्हा इंकांच्या गाठोड्यांचा संबंध उरला नाही. सालिनवर नर आणि माद्या दोन्ही होते आणि जनुकांच्या तपासणीत त्यांतले काही एकमेकांचे जवळचे नातलग ठरले. वाट चुकलेला एकटादुकटा उंदीर असा गोतावळा घेऊन येत नाही.

जनुकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिखरावरच्या उंदरांची वेगळी जात नाही. खालच्या उतारांवर राहणाऱ्यांचेच ते भाऊबंद. हीच जात पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत आढळते.