एंडोस्कोपी 'नॉर्मल' आली, पण जठर पूर्ण पाहिलं गेलं का?

जठराचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला, तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. अडचण अशी की, तेव्हा बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. एंडोस्कोपीतही तो अनेकदा फक्त फिकट किंवा लालसर डागासारखा दिसतो आणि नजरेतून सुटू शकतो.

मग हे टाळायचं कसं?

तपासणीआधी जठरातला फेस आणि चिकट स्राव घालवणारं औषध देतात. आत हवा भरून जठराच्या घड्या उलगडतात. घाई तर चालतच नाही. युरोपातील तज्ज्ञ संघटनेच्या निकषानुसार पहिल्या तपासणीला किमान ७ मिनिटं द्यायला हवीत आणि किमान १० फोटो काढायला हवेत.

जपान आणखी एक पाऊल पुढे आहे. तिथे २०१६ पासून सरकारी तपासणी कार्यक्रमात पन्नाशीपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीचा पर्याय मिळतो. त्यात काढलेले फोटो दुसरा अनुभवी डॉक्टर पुन्हा तपासतो. एखादा भाग फोटोत आलाच नसेल किंवा संशयास्पद डाग राहून गेला असेल, तर तो इथे पकडला जाऊ शकतो.

म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' असूनही त्रास थांबत नसेल, तर तो रिपोर्ट आणि फोटो घेऊन पुन्हा डॉक्टरांना भेटा.